लोह, रक्तवाहिन्या आणि तो गंजाचा मेसेज

सूक्ष्मदर्शिनी (धागाकर्ती)

सध्या सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. लोखंड गंजतं तशा तुमच्या रक्तवाहिन्या आतून गंजतात, चाळिशीनंतर लोहाची गोळी म्हणजे विष, दर तीन महिन्यांनी रक्त द्या आणि हार्ट अटॅक टाळा. खाली हात जोडलेले आणि 'सर्वांना पाठवा'. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी झालेल्या बाईने असले मेसेज पाहून सोडून द्यावेत. पण यामागे एक खरी शास्त्रीय भानगड आहे, चाळीस वर्षांहून जुनी, आणि अजून पुरती मिटलेली नाही. म्हणून हा धागा.

जेरोम सलिव्हन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख लिहिला. पाळी चालू असेपर्यंत बायकांना हार्ट अटॅक पुरुषांपेक्षा कमी का येतात, हा प्रश्न. बाकी सगळे इस्ट्रोजेनकडे बोट दाखवत होते. सलिव्हनचं म्हणणं, दर महिन्याला रक्त जातं, त्यासोबत लोह जातं, साठा वाढत नाही, आणि संरक्षण मिळतं ते यातून. पाळी थांबली की फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन, रक्ततपासणीत त्यावरून साठ्याचा अंदाज घेतात) चढायला लागतं आणि धोकाही. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पाळी गेलेल्या बायकांना हार्मोन्सच्या गोळ्या देऊन हृदयाचं रक्षण काही झालं नाही, तेव्हा सलिव्हनच्या बाजूच्या लोकांना चांगलाच जोर चढला.

आता लोह धमनीचं बिघडवतं काय? हेन्री फेंटनने १८९४ मध्ये टार्टारिक आम्लात (आपल्या चिंचेत असतं तेच) हायड्रोजन पेरॉक्साइड आणि जरासं लोह घातलं, तर आम्लाचं झपाट्याने ऑक्सिडेशन झालं. आपल्या पेशींमध्येही पेरॉक्साइड थोडंथोडं सतत तयार होत असतं. त्याला मोकळं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो आणि तो समोर येईल त्याच्या अंगावर जातो. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्यात सापडले की ते ऑक्सिडाइज होतात, भक्षकपेशी (नको ते गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी) ते गिळून फुगतात आणि धमनीच्या भिंतीत थर धरायला लागतो. यातला 'मोकळं' हा शब्द सोडू नका. निरोगी माणसाच्या रक्तात लोह मोकळं नसतंच जवळपास. वाहतुकीसाठी ट्रान्सफेरिन, साठवणीसाठी फेरिटिन, दोघेही त्याला घट्ट धरून ठेवतात.

१९९२ मध्ये पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओहून मोठी बातमी आली. १९३१ मध्यमवयीन पुरुष (हा आकडा माणसांचा, सालाचा नव्हे), त्यातल्या ज्यांचं फेरिटिन २०० किंवा वर, त्यांना हार्ट अटॅकचा धोका २.२ पट. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. पण तोवर त्या गटात अटॅक आलेले होते एकूण ५१. नंतर इतर देशांत मोठ्या संख्येवर तेच पाहिलं तेव्हा ठाम असं काही हाती लागेना. १९९९ मध्ये असे बारा अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तरी फेरिटिन आणि हृदयरोगाचं पक्कं नातं दिसलं नाही.

मग थेट प्रयोगच झाला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये पायांच्या धमन्या अरुंद झालेले १२७७ रुग्ण घेतले. अर्ध्यांचं दर सहा महिन्यांनी रक्त काढून लोहाचा साठा उतरवला, अर्ध्यांना तसंच ठेवलं. निकाल २००७ मध्ये आला. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, कशातच दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. वयाने लहान असलेल्यांना थोडा फायदा झाला असावा असं दिसलं, पण त्यावर उपचार ठरवावेत इतकं ते भक्कम नाही.

माझं मत सांगते. 'शरीरात लोह किती' हा प्रश्नच अपुरा आहे. ते कुठे बसलंय, बांधलेलं आहे की मोकळं, हे विचारायला हवं. ते ठरवणारं हेप्सिडिन नावाचं हार्मोन यकृतात तयार होतं आणि शास्त्रज्ञांना सापडलं २००० च्या सुमारास. म्हणजे सलिव्हनने लेख लिहिला तेव्हा मुख्य पात्र रंगमंचावर आलेलंच नव्हतं. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह रक्तात येणं थांबतं आणि भक्षकपेशी आपल्या पोटातलं लोह बाहेर सोडत नाहीत. कमी झालं की दोन्ही दारं सताड उघडी.

कुणाचे अनुभव असतील तर लिहा. डॉक्टर मंडळींनी कान धरले तरी चालेल.

बंडू पेठेतला

पहिला प्रतिसाद माझा! आमच्या ग्रुपवर याच मेसेजच्या पुढे 'तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या' पण जोडलेलं आहे. एकूण आवर्त सारणी संपेपर्यंत हे थांबायचे नाहीत.

शंकेखोर

ताई, लेख आवडला. माझा स्वार्थी प्रश्न. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं फेरिटिन ४८० आलंय. हिमोग्लोबिन १५. समोर लाल अक्षरात 'एच'. वय ४६, पोट सुटलेलं आहे हे कबूल. मेसेज वाचून बायकोने पालक बंद केलाय. आता माझ्या धमन्यांचं काय?

सूक्ष्मदर्शिनी

पालक सुरू करा आधी. त्यातलं लोह अंगी लागतं ते जेमतेमच.

फेरिटिन नुसतं साठा दाखवत नाही. अंगात कुठेही सूज, संसर्ग, फॅटी लिव्हर, मधुमेह, रोजची दारू, यातलं काहीही असलं की ते चढतं. कोविडच्या दिवसांत हजाराच्या वर गेलेले रिपोर्ट सगळ्यांनीच पाहिले असतील, त्या लोकांनी काही खिळे खाल्ले नव्हते. कुओपिओच्या आकड्यातही हीच गोम असावी असं मला वाटतं. धमन्यांचा आजार स्वतःच एक दबकी सूज असतो, मग फेरिटिन कारण की परिणाम हे नुसतं त्या एका आकड्यावरून कसं कळणार?

तुम्ही करायचं ते इतकंच: सकाळी उपाशीपोटी सीरम आयर्न आणि टीआयबीसी (रक्ताची लोह धरून ठेवायची एकूण क्षमता), त्यावरून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे ट्रान्सफेरिनच्या किती टक्के जागा लोहाने भरल्यात ते, निघतं. ते ४५ टक्क्यांच्या वर असेल तर लोह खरंच जास्त असण्याची शंका घ्यायची आणि डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतील. त्याखाली असेल तर बहुधा गाडी पोट आणि लिव्हरकडे वळेल. सोबत सीआरपी (सूज कळायला), एसजीपीटी (यकृतासाठी), साखर आणि पोटाची सोनोग्राफी. लोहाची गोळी किंवा मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर आधी सांगा, नाहीतर सीरम आयर्न उगाच उंच येतं.

आणि लॅबवाल्याने परत बोलावलं तर चिडू नका. सुई नीट लागली नाही की सुईतच तांबड्या पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की वरचं सीरम गवती पिवळं दिसायला हवं, ते गुलाबी दिसतं. तसलं सॅम्पल आम्ही बाजूला ठेवायचो.

तो गुलाबी रंग या धाग्याशीही जोडलेला आहे. पेशीबाहेर पडलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघणारं नायट्रिक ऑक्साइड चटकन शोषून घेतं. नायट्रिक ऑक्साइड असतं तेव्हा रक्तवाहिनी सैल होते, नसतं तेव्हा आवळते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे जे रुग्ण आहेत त्यांच्या शरीरात तांबड्या पेशी अशा सतत फुटत असतात. त्यांच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्यामागे हे एक मोठं कारण मानतात. लोह तेच, पण हिमोग्लोबिनमध्ये बसून पेशीबाहेर आलेलं.

आई मुलुंडची

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मतःच हिमोग्लोबिन नीट बनत नाही, सारखं रक्त चढवावं लागतं. आता कॉलेजात जातो. आमच्या घरात फेरिटिन हा शब्द साखरेइतका रोजचा. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकायची सोयच नाही. निरोगी माणूस दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम घालवतो, तेवढंच. लहान असताना रात्री पोटाच्या कातडीखाली सुई लावून पंपाने डेस्फेरॉल हे लोह काढणारं औषध जायचं, आठ-दहा तास. झोपेत कूस बदलली की सुई निघायची. मग डेफेरासिरॉक्स आलं. गोळी पाण्यात विरघळवून प्यायची, चव खडूसारखी, ग्लासच्या तळाशी उरतं त्यात पुन्हा पाणी घालून तेही प्यायचं. तो अजून तोंड वाकडं करूनच पितो.

आम्हाला डॉक्टर फेरिटिनवर विसंबायला देत नाहीत. वर्षातून एकदा हृदयाचा एमआरआय, टी-टू-स्टार म्हणतात तो. २० मिलिसेकंदांच्या खाली आलं तर हृदयात लोह साठतंय, १० च्या खाली म्हणजे धोका. एकदा फेरिटिन बरं होतं आणि एमआरआय वाईट आला होता. त्यामुळे ताई, तुमचं 'किती यापेक्षा कुठे' हे मला लगेच पटलं.

पण एक विचारायचं होतं. आम्हाला सगळे हृदयाच्या स्नायूबद्दल सांगतात, धमन्यांबद्दल कुणी बोलत नाही. त्यांच्यावर परिणाम होतो का?

सूक्ष्मदर्शिनी

ताई, स्वागत. होतो. थॅलेसेमिया मेजरच्या तरुण रुग्णांमध्ये धमन्या वयाच्या मानाने ताठर झालेल्या आणि अस्तराचं काम मंदावलेलं आढळलंय. मात्र तो सगळा दोष साठलेल्या लोहाच्या माथी मारता येत नाही, फुटलेल्या पेशींमधून निघणारं हिमोग्लोबिन त्यात आहेच. इतक्या रक्तानंतर ट्रान्सफेरिनच्या सगळ्या जागा भरून जातात आणि उरलेलं लोह खरोखरच मोकळं फिरतं. लोह काढणारी औषधं या मोकळ्या लोहालाही पकडतात. म्हणून गोळी एक दिवसही चुकवू नये असं सांगतात. बीपी, वजन, साखर यांवर लक्ष असू द्या. पुढच्या भेटीत हा प्रश्न डॉक्टरांना जसाच्या तसा विचारा.

कॉर्ककर

आयर्लंडमधून. इथे हिमोक्रोमॅटोसिस म्हणजे घरोघरी ऐकू येणारा आजार. सी२८२वाय नावाचा जनुकबदल आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दुहेरी मिळालेला माणूस दर ८३ आयरिश लोकांमागे एक. भारतात हा बदल फारच दुर्मीळ. यांचं हेप्सिडिन कमी पडतं, आतडं लोह ओढतच राहतं. माझ्या वॉर्डात असे पेशंट नेहमी असतात. हात मिळवताना तर्जनी आणि मधल्या बोटाची मुळं दुखतात म्हणून हात मागे घेतात, त्यावरून जुन्या नर्सना अंदाज येतो. उपचार एकच, रक्त काढणे. सुरुवातीला आठवड्याला एक पिशवी, मग वर्षातून दोन-चार वेळा. आणि हे रक्त सगळं फेकत नाहीत, नियमात बसणाऱ्यांचं रक्तपेढी घेते.

आता गंमत. गंजाचा सिद्धांत सरळ खरा असता तर या लोकांच्या हृदयाच्या धमन्या सगळ्यांत आधी बंद पडायला हव्यात. यकृत खराब होतं, मधुमेह होतो, हृदयाचा स्नायू कमकुवत होतो, ठोके अनियमित होतात. पण धमन्यांमधले ब्लॉक मात्र त्या प्रमाणात दिसत नाहीत. याचं काय?

शंकेखोर

म्हणजे मेसेज खोटा. विषय संपला?

सूक्ष्मदर्शिनी

नाही ना! इथेच तर रंगत आहे. सलिव्हनचं नंतरचं स्पष्टीकरण असं, की हेप्सिडिन कमी असल्यामुळे या लोकांच्या भक्षकपेशींमध्ये लोह उरतच नाही, सगळं बाहेर पडतं. धमनीतला थर भक्षकपेशींचा, त्याच रिकाम्या, म्हणून धमन्या वाचतात. ऐकायला झकास.

मग २०२० मध्ये हायडेलबर्गच्या गटाने उंदरांवर केलेलं काम आलं. धमन्या लवकर तुंबाव्यात अशा जातीच्या उंदरांमध्ये त्यांनी हेप्सिडिनला न जुमानणारा जनुकबदल आणला. म्हणजे भक्षकपेशी रिकाम्या, पण रक्तात लोहच लोह. सलिव्हन बरोबर असता तर धमन्या वाचायला हव्या होत्या. झालं उलटं. मोकळं लोह थेट धमनीच्या भिंतीत साचलं, अस्तर बिघडलं, थर वाढले. लोह कमी असलेलं खाणं किंवा लोह काढणारं औषध दिल्यावर प्रकार सुधारला. त्यांच्या मते हिमोक्रोमॅटोसिसच्या लोकांचं वेळेवर रक्त काढलं जातं, त्यामुळे कदाचित हा परिणाम डोळ्यांआड राहत असेल. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे आहेच.

आणि उलट बाजूने, २०१७ मध्ये जनुकांवरून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात ज्यांच्या जनुकांमुळे लोह जन्मतःच थोडं जास्त असतं त्यांना हृदयाच्या धमन्यांचा आजार किंचित कमी निघाला. त्याच पद्धतीने पुढच्या वर्षी पाहिलं तर हृदयातून गुठळी सुटून होणारा पक्षाघात जास्त निघाला. घ्या आता.

रक्तमित्र

ताई, तुमचं सगळं मान्य, पण कृपा करून रक्तदान निरुपयोगी असं चित्र जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात रक्तपेढ्या रिकाम्या पडतात, आम्ही मंडळातर्फे शिबिरं घेतो तेव्हा 'हार्ट अटॅक टळतो' म्हटलं की दहा जण जास्त येतात. फिनलंडमध्येच रक्तदात्यांना अटॅक कमी येतात असंही निघालं होतं ना?

सूक्ष्मदर्शिनी

निघालं होतं, १९९८ मध्ये. पण रक्त द्यायला कोण येतं? ज्याचं बीपी बरं, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, औषधं फारशी चालू नाहीत, असा माणूस. आजाऱ्याला तुम्ही स्वतःच टेबलवरून परत पाठवता. मग दाते बाकीच्यांपेक्षा निरोगी निघाले यात रक्त देण्याचा वाटा किती?

रक्तदान दुसऱ्यासाठी करायचं असतं, त्याला आपल्या धमन्यांचं आमिष कशाला? ३५० मिलिलिटर रक्तातून साधारण दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे लोह जातं. पुरुषांना तीन महिन्यांचं आणि बायकांना चार महिन्यांचं अंतर ठेवलंय ते त्यासाठीच. दरवेळी न चुकता येणाऱ्या तुमच्या तरुण मुलींचं फेरिटिन एकदा तपासा. हिमोग्लोबिन १२.५ ला टेकलेलं आणि फेरिटिन तळाला, अशी जोडी सर्रास सापडते.

रक्तमित्र

आमिष हा शब्द जरा लागला. पण मुलींचा मुद्दा बरोबर आहे, पुढच्या बैठकीत काढतो.

फुफ्फुसवाला

डॉक्टर आहे, छातीचा. सगळे जास्त लोहाबद्दलच बोलताय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आपल्याकडे रक्तवाहिन्यांना लोहाचा तुटवडा जास्त वेळा भोवतो.

उदाहरण देतो. पेरूमध्ये सेरो दे पास्को हे खाणकामगारांचं गाव ४३०० मीटरच्या वर आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या प्रयोगात समुद्रसपाटीवरच्या निरोगी पुरुषांना तिथे नेलं. विरळ हवेत फुफ्फुसाच्या धमन्या आवळतात आणि त्यांच्यातला दाब चढतो. शिरेतून लोह दिल्यावर तो चढलेला दाब बऱ्यापैकी उतरला. तिथल्याच, उंचीचा जुनाट आजार (विरळ हवेत राहून तांबड्या पेशी फार वाढतात तो) असलेल्या पुरुषांचं दोन लिटर रक्त टप्प्याटप्प्याने काढलं, त्यांच्या फुफ्फुसाच्या धमन्यांतला दाब साधारण चतुर्थांशाने वाढला. कारण ऑक्सिजन कमी आहे की पुरेसा, हे पेशीला सांगणाऱ्या एन्झाइमला कामासाठी लोह लागतं. लोह नसेल तर ऑक्सिजन असूनही पेशीला वाटतं की गुदमरतोय आणि धमनी आवळते.

हार्ट फेल्युअरमध्येही तेच. २००९ च्या चाचणीत ४५९ रुग्णांना शिरेतून लोह किंवा नुसतं सलाइन दिलं. लोह मिळालेले जास्त चालू लागले, दम कमी लागला, ज्यांचं हिमोग्लोबिन ठीक होतं तेसुद्धा. तिथे फेरिटिन १०० च्या खाली म्हणजेच कमतरता धरतात. शंकेखोर, तुमच्या चार्टवर १०० म्हणजे नॉर्मल छापलेलं असेल. आकडा एकच, माणूस कोण त्यावर अर्थ बदलतो.

सूक्ष्मदर्शिनी

डॉक्टरसाहेब, दंडवत. ही बाजू धाग्यात यायलाच हवी होती.

पोटरीवाले काका

थोडं अवांतर. मला व्हेरिकोज व्हेन्स आहेत, कंडक्टर म्हणून उभ्याने नोकरी झाली. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी पडली आहे, चहाचा डाग पडावा तशी. डॉक्टर म्हणाले, लोह साठलंय. मग मी लोहाचं खाणं बंद करायचं का?

फुफ्फुसवाला

नको, काका. शिरेतली झडप नीट मिटत नाही, रक्त पायात तुंबतं, बारीक केशिकांमधून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि तिथेच मोडतात. त्यांचं लोह कातडीखाली हिमोसिडेरिन होऊन बसतं, तो हा डाग. तेवढ्याच जागी लोह जास्त, बाकी शरीरात कदाचित कमीही असेल. जेवण बदलून डाग जाणार नाही. दाबाचे मोजे घाला, पाय उंचावर ठेवून बसा, आणि त्या जागी खाजवू नका. जखम झाली तर ती महिनोन्‌महिने भरत नाही.

सुगरण

आमची आमसुलाची आमटी लोखंडी कढईतच होते. बंद करू का, एवढं सांगा.

सूक्ष्मदर्शिनी

अजिबात नको. आंबट पदार्थात कढईचं लोह उतरतं हे खरं, पण साठा पुरेसा असला की हेप्सिडिन दार लावून घेतं. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला लोखंडी पिंपात आंबवलेली घरगुती बिअर रोज भरपूर पिणाऱ्यांमध्ये लोह साठण्याचा आजार दिसला होता, पण तिथे प्रमाणच अफाट होतं, शिवाय जनुकांचाही हात असावा असा संशय आहे. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा हिमोक्रोमॅटोसिस असेल तर मात्र त्याच्या डॉक्टरांना विचारून.

शंकेखोर

रिपोर्ट आले. सॅच्युरेशन २८ टक्के, एसजीपीटी वाढलेलं, सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर. फिजिशियनने लोहाचं नावही काढलं नाही, वजन, साखर आणि रात्रीच्या बिअरबद्दल वीस मिनिटं झापलं. पालक परत सुरू. आता बायकोचं विचारतो. तिचं हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन ७. रोज गोळी घेते, पोटात मळमळतं म्हणून सोडायचं म्हणतेय.

फुफ्फुसवाला

सोडायची नाही. एक गोळी घेतली की पुढचा जवळपास दिवसभर हेप्सिडिन चढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. लोह कमी असलेल्या तरुणींवर झुरिकच्या गटाने २०१७ मध्ये हे दाखवलं, दिवसाआड घेतल्यावर गोळीमागे जास्त लोह अंगी लागलं. तिच्या डॉक्टरांना विचारून दिवसाआड करून पाहा, मळमळही कमी होते बऱ्याचदा. सोबत लिंबूपाणी चालेल. चहा आधी-नंतर तासभर नको. आणि ९.८ का झालं ते शोधा, पाळी जास्त जातेय का, मूळव्याध आहे का. हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा भरेपर्यंत आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवायची असते.

शंकेखोर

पाळीचं बरोबर आहे, गेले काही महिने दहा-दहा दिवस जातेय. शनिवारची स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.